ब्रिज पिकअपचा आवाज टोचतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिज पिकअपबद्दल (पिकअप म्हणजे तारांची हालचाल टिपून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आणि ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात ते टोक) तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा पिकअपमध्ये काही दोष नसतो, पिकअपची उंची, टोनचा नॉब आणि अ‍ॅम्पचं सेटिंग हे सगळं नेक पिकअपच्या (म्हणजे मानेजवळच्या पिकअपच्या) हिशोबाने लावलेलं असतं आणि मग स्विच ब्रिजवर टाकला की कानठळ्या बसतात. तेव्हा नवीन पिकअप शोधायच्या आधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या, तासभर निवांत बसा आणि खालचं एकेक करून बघा.

ब्रिज पिकअप मुळात इतका पातळ आणि कर्कश का वाजतो?

तार सॅडलवर (ब्रिजवरच्या छोट्या आधारावर) टेकलेली असते, तिथे ती हलूच शकत नाही, आणि ब्रिज पिकअप त्या टोकाला अगदी खेटून बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावरची तार फार थोडी हलते. पण गंमत अशी की हे सगळ्या सुरांना सारखं लागू होत नाही. फेंडर पद्धतीची ६४८ मिलिमीटर स्केलची (म्हणजे मोकळ्या तारेच्या लांबीची) गिटार घ्या आणि पिकअप सॅडलपासून साधारण ४० मिलिमीटरवर आहे असं धरा, म्हणजे मोकळ्या तारेच्या सोळाव्या हिश्श्यावर. त्या जागी मूळ सुराची हालचाल त्याच्या कमाल हालचालीच्या जेमतेम २० टक्के असते, दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीत वाजणारे वरचे सूर म्हणजे हार्मोनिक) ३८ टक्के, आणि आठव्या हार्मोनिकची मात्र पूर्ण. नेक पिकअप साधारण चौथ्या हिश्श्यावर असतो, तिथे मूळ सूर ७० टक्के मिळतो आणि दुसरं हार्मोनिक पूर्ण. म्हणजे ब्रिजला मूळ सूर कमी आणि वरचे सूर भरपूर, म्हणून तो धारदार लागतो.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट कळते. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार अर्धी होते आणि तोच पिकअप आता आठव्या हिश्श्यावर येतो, मूळ सूर ३८ टक्के मिळायला लागतो. म्हणूनच ब्रिजवर सोलो वर वाजवला की भरदार वाटतो आणि तीच गिटार खाली मोकळ्या कॉर्ड्सवर टोचते. टोन ठरवताना नेहमी दोन्हीकडे वाजवून बघा, नुसत्या मोकळ्या ई कॉर्डवर निर्णय घेऊ नका.

मग सरळ नेक पिकअपवरच का वाजवू नये?

एकटे वाजवत असाल, क्लीन (न फाटलेला) आवाज असेल तर खुशाल वाजवा. पण गेन (सिग्नल ढकलून आवाज फाटवायचा नॉब) वाढवला की नेकचा खालचा भाग चिखल व्हायला लागतो, कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात, आणि पाम म्यूट केलेलं (तळहात तारांवर टेकवून वाजवलेलं) रिफ नेकवर नुसतं घुमतं. शिवाय सोबत बास गिटार आणि ड्रम आले की खालची जागा त्यांनी घेतलेली असते, तिथे ब्रिजचा तो "पातळ" आवाजच गिटारला ऐकू येऊ देतो. जो आवाज खोलीत एकट्याला किंचित कोरडा वाटतो तोच बँडमध्ये बरोब्बर बसतो असं वारंवार होतं.

ठीक आहे, सुरुवात कुठून करू?

अ‍ॅम्पपासून. आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी अ‍ॅम्प ब्रिज पिकअपवर सेट करायचा, नेकची काळजी नंतर. बरेच जण उलटं करतात, नेकवर छान गोड आवाज लावतात, त्यासाठी ट्रेबल चढवलेला असतो, प्रेझेन्स (अगदी वरच्या सुरांचा नॉब) चढवलेला असतो, आणि मग ब्रिजला शिव्या देतात.

स्विच ब्रिजवर टाका, गिटारचा टोन नॉब ७-८ वर ठेवा, अ‍ॅम्पवर सगळं मध्यावर, प्रेझेन्स शून्याजवळ, ब्राइट स्विच असेल तर बंद. आता मिड वाढवा, जरा जास्तच वाढवा, फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये टोन स्टॅक (बास-मिड-ट्रेबलचं सर्किट) मुळातच मधला भाग खाली दाबतो त्यामुळे तिथे मिड ७-८ वर असला तरी घाबरायचं कारण नाही. मग ट्रेबल हळूहळू कमी करत जा, पहिल्या दोन तारा जोरात मारा, डोळे मिटावेसे वाटायचं थांबलं की तिथेच थांबा. शेवटी बास आवाजाला अंग येईल इतका. आता नेकवर जा. घुसमटल्यासारखा वाटतोय? तर अ‍ॅम्पला हात लावायचा नाही, नेक पिकअप खाली करायचा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

ब्राइट स्विचबद्दल एक सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो बहुतेक अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूम नॉबवर जोडलेला एक छोटा कॅपॅसिटर असतो, आणि व्हॉल्यूम जितका कमी तितका त्याचा परिणाम जास्त. घरात हळू आवाजात वाजवताना तो चालू राहिला तर ब्रिज पिकअप सहन होत नाही, आणि तोच अ‍ॅम्प मोठ्याने लावला की फरक जवळपास नाहीसा होतो. काही अ‍ॅम्पमध्ये हा कॅपॅसिटर कायमचाच जोडलेला असतो, स्विच नसतोच, अशा वेळी अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम थोडा वर आणि गिटारचा खाली ठेवला तर बराच फरक पडतो.

मला अ‍ॅम्पजवळ छान ऐकू येतं पण समोरचे म्हणतात कान दुखले, असं का?

कारण तुमचे कान अ‍ॅम्पच्या समोर नसतात. १२ इंची स्पीकरमधून खालचे सूर सगळीकडे पसरतात पण वरचे सूर सरळ पुढे जातात, आणि अ‍ॅम्प जमिनीवर असला की ते तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातात. तुम्हाला आवाज बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि चार-पाच मीटरवर समोर उभा असलेला माणूस सोसतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा, नाहीतर निदान सेटिंग करताना खाली बसून स्पीकरच्या समोर कान आणून ऐका (आवाज कमी ठेवून). ब्रिज पिकअपच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं ठाम मत आहे.

पिकअपची उंची किती ठेवायची?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दुकानातून गिटार आली तशीच वर्षानुवर्षं वाजत राहते, कुणी ते दोन स्क्रू फिरवून बघत नाही.

मोजायचं असं: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा, आणि पिकअपच्या पोल पीसच्या (प्रत्येक तारेखालच्या धातूच्या खुंटीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने अंतर मोजा. एकदा जाड ईच्या तारेला, एकदा बारीक ईच्या तारेला. सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) सुरुवात म्हणून जाड बाजूला साधारण २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर ब्रिजला दोन्हीकडे साधारण १.६ मिलिमीटर. हे आकडे फक्त सुरुवातीचे आहेत, पुढचं काम कानाचं.

टोचणारा आवाज असेल तर पहिला प्रयोग हा करा: बारीक तारांची बाजू अर्धा फेरा खाली घ्या, जाड तारांची बाजू आहे तिथेच राहू द्या किंवा किंचित वर घ्या. अर्ध्या फेऱ्याने काय होणार असं वाटतं, पण वाजवून बघा, पहिल्या दोन तारांचा तो काचेरी चटका लगेच मवाळ होतो आणि खालच्या तारांना वजन येतं. मग परत अर्धा फेरा, परत वाजवा. दरवेळी अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम थोडा सांभाळून तेवढाच ठेवा, कारण पिकअप खाली गेला की आवाज कमी होतो आणि कमी आवाज आपल्या कानाला नेहमी वाईट वाटतो, मग माणूस परत वर करतो आणि आगीतून फुफाट्यात.

उलटी बाजूही आहे. पिकअप फार लांब गेला तर आवाज मोकळा आणि स्वच्छ होतो पण दम जातो, गेन पेडल पूर्वीसारखं पेटत नाही. आणि फार जवळ आणला तर लोहचुंबक तारेला ओढतो, सूर डगमगतो, सस्टेन (सूर टिकून राहणं) कमी होतो, जाड तारा वरच्या फ्रेटवर बेसूर वाटतात. हा त्रास नेकला जास्त होतो कारण तिथे तार जास्त हलते, ब्रिज पिकअप त्या मानाने जवळ आणलेला चालतो.

आणि ब्रिज जमला की मगच नेक. स्विच इकडून तिकडे करत दोन्ही सारख्या जोरात येईपर्यंत नेक खाली करत जा. नेक पिकअप बऱ्यापैकी खोल गेला तरी बिघडत नाही, उलट त्याचा घुमारा कमी होऊन तो जास्त स्पष्ट वाजतो, आणि मग एकाच अ‍ॅम्प सेटिंगवर दोन्ही पिकअप नांदतात. हंबकरला पोल पीसचे स्क्रू असतात, एखादी तार इतरांपेक्षा ओरडत असेल तर तेवढाच स्क्रू पाव फेरा आत घ्या.

टोन नॉब मी कायम १० वर ठेवतो, कमी केला की आवाज मेल्यासारखा वाटतो. मग त्याचा उपयोग काय?

शून्यावर नेला तर मेल्यासारखा वाटणारच. पण १० ते ६ या टप्प्यात काय होतं ते हळूहळू फिरवत ऐकलंय का? प्रत्येक पिकअपचा एक उंचवटा असतो, त्या ठिकाणच्या फ्रिक्वेन्सी जास्त जोरात येतात, सिंगल कॉइलला केबल धरून साधारण ३ ते ४ किलोहर्ट्झला, आणि नेमकं तिथेच आपल्या कानाला जास्त टोचतं. नॉब थोडा कमी केला की आधी हा उंचवटा बसतो, बाकी आवाज तसाच राहतो. अजून कमी केलं की मग वरचा भाग कापला जायला लागतो.

ब्रिजवर मी टोन ५ ते ७ मध्ये कुठेतरी ठेवतो आणि अ‍ॅम्पवर थोडा ट्रेबल त्या हिशोबाने राखून ठेवतो, म्हणजे गरज पडली की वर चढवायला जागा राहते. १० वर ठेवून अ‍ॅम्प मारून टाकला तर हातात काहीच उरत नाही.

कॅपॅसिटर बदलून फरक पडतो का हेही लोक विचारतात. नॉब १० च्या आसपास असताना जवळपास काही नाही, खाली आणल्यावर पडतो. सिंगल कॉइलला सहसा ०.०४७ मायक्रोफॅराड, हंबकरला ०.०२२. टोन खाली आणल्यावर एकदम गुदमरत असेल तर ०.०२२ लावून बघा, त्याने कमी ट्रेबल कापला जातो. कॅपॅसिटर कुठल्या कंपनीचा आणि किती महागाचा यावर मात्र वेळ घालवू नका, व्हॅल्यू तीच असेल तर गिटारमध्ये फरक ऐकू येत नाही.

माझ्या स्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये) ब्रिजला टोन नॉब लागूच होत नाही, गिटार बिघडलीय का?

बिघडलेली नाही, १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हापासून मूळ वायरिंगच तसं आहे: एक टोन नेकला, एक मिडलला (मधल्या पिकअपला), आणि ब्रिज टोनविना. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच टोन नाही. नंतरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हे बदललंय पण जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये अजूनही असंच सापडतं.

उपाय एका इंचाच्या वायरचा आहे. पिकगार्ड उघडा, स्विचच्या ज्या बाजूला टोनच्या वायर आलेल्या असतात तिथे नेक आणि मिडलच्या लगवर (सोल्डर करायच्या पत्रीवर) वायर असते आणि ब्रिजचं लग रिकामं असतं. मिडलच्या लगपासून त्या रिकाम्या लगपर्यंत एक छोटी वायर सोल्डर करा, झालं, दुसरा टोन नॉब आता मिडल आणि ब्रिज दोघांना लागू होईल. सोल्डरिंग येत नसेल तर येणाऱ्या कुणाकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. स्ट्रॅट वाजवणाऱ्याने एकच बदल करायचा असेल तर तो हाच करावा असं मी सांगेन.

२५० के आणि ५०० के पॉटचा काय संबंध?

पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर, के म्हणजे किलोओहम) पिकअपवर भार टाकतो, भार जास्त तर उंचवटा बसका. दोन २५० के पॉट म्हणजे पिकअपला एकत्र १२५ के दिसतात, दोन ५०० के म्हणजे २५० के. म्हणून सिंगल कॉइलला २५० के आणि हंबकरला ५०० के हा रिवाज पडला. तुमच्या गिटारमध्ये ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल असतील आणि पॉट ५०० के असतील तर सिंगल जरा जास्त चमकणार, त्यावर उपाय म्हणजे स्विच सिंगलवर असताना जोडला जाईल असा ४७० के चा रेझिस्टर ग्राउंडला. आणि ब्रिजला सिंगल असूनही कुणी ५०० के टाकून ठेवले असतील तर तुमच्या त्रासाचं कारण सापडलं.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की ट्रेबल पण जातो, ट्रेबल ब्लीड लावू का?

ट्रेबल ब्लीड म्हणजे व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल टिकवणारी व्हॉल्यूम पॉटवरची छोटी जोडणी. ब्रिज पिकअपवर वाजवणार असाल तर आधी विचार करा. व्हॉल्यूम ८ वर आणला की थोडा वरचा भाग जातो हे ब्रिजच्या बाबतीत आयतं औषध आहे. क्रंच (किंचित फाटलेला) आवाज लावून ठेवायचा, रिदमला व्हॉल्यूम ६-७, आवाज गोल आणि जवळपास क्लीन, सोलोला १०. ट्रेबल ब्लीड लावलं की ही सोय जाते, व्हॉल्यूम खाली आणल्यावर आवाज उलट जास्त पातळ वाटायला लागतो. तरी लावायचंच असेल तर नुसता कॅपॅसिटर लावू नका, त्याच्या जोडीला रेझिस्टर हवा, १ नॅनोफॅराड आणि १५० के ही एक प्रचलित जोडी आहे.

केबलने खरंच फरक पडतो?

लांबीने पडतो, नावाने नाही. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड कपॅसिटन्स असतो. स्ट्रॅटसारखा २.५ हेन्री इंडक्टन्सचा (कॉइलचा विजेचा एक गुणधर्म) पिकअप धरला तर ६ मीटर केबलवर त्याचा उंचवटा ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि १० मीटरवर ३.२ किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे लांब केबल लावली की चमक खाली सरकते, आवाज जरा मऊ आणि जाड होतो. वायरलेस घेतल्यावर किंवा पहिलंच पेडल बफर असलेलं लावल्यावर ब्रिज एकदम बोचरा झाला अशी तक्रार असते, त्याचं कारण हेच, केबलचा तो भार गेला. बऱ्याच वायरलेसमध्ये केबलची नक्कल करायचं सेटिंग असतं, ते चालू करा.

डिस्टॉर्शन लावलं की ब्रिजवर नुसता फिझ (फसफसणारी खरखर) येतो, भरदार रिफ कसं मिळवायचं?

गेन कमी करा. खरंच, आधी हे करा मग बाकीचं. गेन वाढवला की प्रत्येक सुराचे वरचे हार्मोनिक अजून तयार होतात, आणि ब्रिज पिकअपकडे ते आधीच भरपूर असतात. जितका लागेल असं वाटतं त्याच्या दोन तृतीयांश ठेवा आणि हाताने जोर लावा, रेकॉर्ड करून ऐकलं की कळेल तेवढाच पुरतो.

दुसरं म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी काय जातंय आणि नंतर काय कापलं जातंय हे वेगवेगळं बघा, लोक इथेच चुकतात. आधी ट्रेबल कमी केला तर क्लिपिंगच (सिग्नल कापला जाऊन फाटणं) मऊ होतं, नंतर कमी केला तर झालेला फिझ झाकला जातो. ब्रिज सिंगल कॉइल असेल तर ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल कमी ड्राइव्हवर आणि जास्त लेव्हलवर ठेवून अ‍ॅम्पच्या क्रंचला ढकला, त्याचा मधला उंचवटा साधारण ७००-८०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, म्हणजे नेमकं जिथे ब्रिज सिंगलला मांस कमी असतं तिथे भर पडते आणि वरचा भागही किंचित बसतो. त्याचा टोन नॉब मध्याच्या खाली. इक्यू (इक्वलायझर) पेडल असेल तर डिस्टॉर्शनच्या आधी ८०० हर्ट्झला ३-४ डीबी वाढवा आणि ३.२ किलोहर्ट्झला २-३ डीबी कमी करा, बहुतेक ग्राफिक इक्यूवर हे दोन स्लायडर असतातच.

आणि मिड शून्यावर नेऊन बास-ट्रेबल चढवायची सवय सोडा. घरात हळू आवाजात तो आवाज भारी वाटतो कारण कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, ती कसर नॉब भरून काढतात. आवाज मोठा केला की कानाचा हिशोब बदलतो, बास आणि ट्रेबल अंगावर येतात, गिटार मात्र गायब. म्हणून ज्या आवाजात वाजवायचंय त्याच आवाजात सेटिंग करायचं, घरचं सेटिंग घरी.

हेडफोनवर मॉडेलर (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल) किंवा प्लगइन वापरतो, तिथे तर फारच वाईट येतं.

आधी कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) चालू आहे ना ते बघा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, तो मधून काढला तर डिस्टॉर्शन ऐकवत नाही. आयआर (खऱ्या स्पीकर आणि माइकचा रेकॉर्ड केलेला ठसा) वापरत असाल तर माइक कोनच्या मध्यावर ठेवलेला आयआर सगळ्यात चमकदार असतो, कडेकडे सरकवलेला निवडा, इक्यूने झगडत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मग हाय कट ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणि लो कट ८० हर्ट्झच्या आसपास, मोकळी जाड ई ८२ हर्ट्झची असते त्यामुळे खालचं काही गमवायची भीती नाही.

टेलिकास्टरचा ब्रिज सगळे उचलून धरतात आणि स्ट्रॅटच्या ब्रिजला नावं ठेवतात, दोन्ही सिंगलच ना?

सिंगलच, पण घडण वेगळी. टेलिचा ब्रिज पिकअप आकाराने मोठा असतो, कॉइल रुंद, खाली तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी प्लेट, आणि तो बसवलेला असतो ब्रिजच्या धातूच्या पत्र्यातच. खालच्या पोलादामुळे इंडक्टन्स वाढतो, आवाजाला मध्ये अंग येतं. आणि सगळ्यात साधी गोष्ट, टेलिवर टोन नॉब ब्रिजला लागू होतो! स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपखाली पोलादी बेसप्लेट चिकटवणारे आहेत, फरक छोटा असतो पण योग्य दिशेने असतो.

दोघांचेही ब्रिज पिकअप तिरके बसवलेले असतात, बारीक तारांची बाजू सॅडलच्या जवळ, म्हणजे ज्या तारा आधीच चमकदार त्यांनाच अजून चमक. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून वाजवायचा तेव्हा हा तिरकेपणा उलटा व्हायचा, बारीक तारा सॅडलपासून लांब आणि जाड तारा जवळ, त्यामुळे वरच्या तारा भरदार आणि खालच्या जास्त घट्ट. काही गिटार मुद्दाम अशा उलट्या तिरक्या पिकअपच्या बनवतात.

ब्रिजला हंबकर टाकला तर सगळे प्रश्न सुटतील का?

काही सुटतील. हंबकरमध्ये दोन कॉइल असल्याने तारेचा रुंद भाग पकडला जातो, अगदी वरचे हार्मोनिक एकमेकांना थोडे मारतात, इंडक्टन्स जास्त म्हणून उंचवटा खाली, आणि गुणगुण जाते. गिब्सनसाठी सेथ लव्हरने हा पिकअप तयार केला तोच गुणगुण घालवायला, १९५५ साली पेटंटचा अर्ज आणि १९५७ पासून गिटारवर. एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत ब्रिजला गिब्सनचा हंबकर बसवला आणि तिथून ब्रिज हंबकर आणि एकच नॉब ही एक वेगळी जातच सुरू झाली.

पण स्ट्रॅटचा तो कडक टणत्कार जातो, तो तुम्हाला हवा आहे का ते आधी ठरवा. बॉडीला खाच मोठी करायची नसेल तर सिंगलच्या आकाराचे हंबकर मिळतात, ते सरळ बसतात. चार वायरचा घेतलात तर दोन कॉइल पॅरललमध्ये जोडायचा स्विच लावता येतो, मला तो कॉइल स्प्लिटपेक्षा (एकच कॉइल चालू ठेवण्यापेक्षा) जास्त आवडतो, आवाज मोकळा होतो आणि गुणगुण परत येत नाही.

निवडताना ओहमच्या आकड्यावर जाऊ नका. १६ के म्हणजे ८ के च्या दुप्पट ताकद असा अर्थ होत नाही, बारीक वायर वापरली की वेढे तेवढेच ठेवूनही आकडा वाढतो. एकाच बनावटीच्या दोन पिकअपची तुलना करायला तो ठीक आहे, बाकी मॅग्नेट कुठलं, वायर कुठली, वेढे किती यावर आवाज ठरतो. फार गरम (जास्त वेढ्यांच्या, जोरदार) पिकअपमध्ये वरचा भाग आपोआप दबतो, अल्निको २ मॅग्नेटचा अल्निको ५ पेक्षा मवाळ लागतो.

तारा आणि पिक बदलून काही होतं?

होतं, आणि लगेच होतं. प्युअर निकेल तारा निकेल प्लेटेडपेक्षा मऊ वाजतात. नव्या कोऱ्या तारांवर टोन ठरवू नका, दोन-तीन दिवस वाजवून चमक बसू द्या.

पण तारांपेक्षा हात मोठा. तार जिथे छेडाल त्यावर कुठली हार्मोनिक उठणार ते ठरतं, सॅडलजवळ छेडली तर पिकअप आधीच तिथे आहे आणि तुमचा हातही तिथेच, मग टोचणारच. हात नेक पिकअपच्या दिशेने दोन बोटं सरकवा आणि तोच रिफ परत वाजवा. पातळ पिक तारेवर आपटून टिकटिक करतं, जाड आणि गोल कोपऱ्याचं पिक घ्या, किंवा आहे त्याच पिकचा बोथट खांदा वापरून बघा. पिक फार तिरकं धरलं तर जाड तारांच्या वेढ्यांवर खरखर येते आणि ब्रिज पिकअप ती सगळी उचलतो.

ब्रिज आणि मिडल एकत्र लावलं तर चालेल का?

चालेल, क्लीन रिदमला फारच छान. मिडल उलट्या वेढ्याचा आणि उलट्या मॅग्नेटचा असेल तर गुणगुणही जाते. मात्र एकत्र लावल्यावर आवाज एकदम पोकळ, नाकातून आल्यासारखा आणि हळू झाला तर एका पिकअपची फेज (सिग्नलची दिशा) उलटी जोडलेली आहे, त्याच्या दोन वायरची अदलाबदल करायची. धातूचं कव्हर असलेल्या पिकअपला मात्र कव्हरची ग्राउंड आधी वेगळी करावी लागते.

आधी चांगला वाजायचा, अचानक पातळ झाला.

मग सेटिंगचा प्रश्न नाही, बिघाड शोधा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, केबल गिटारला लावून दुसऱ्या टोकाच्या जॅकवर टिप (टोक) आणि स्लीव्हमध्ये (मागची नळी) मोजा, व्हॉल्यूम आणि टोन १० वर, स्विच ब्रिजवर. सिंगल कॉइलला साधारण ५.५ ते ७ के, जुन्या धर्तीच्या हंबकरला ७.५ ते ८.५ के च्या आसपास आकडा दिसायला हवा, पॉटमुळे किंचित कमी दिसेल. हंबकर असून ४ के दाखवत असेल तर एकच कॉइल चालू आहे, स्प्लिटचा स्विच किंवा तुटलेलं सोल्डर बघा. आकडा एकदम शेकडो के मध्ये असेल तर कॉइल तुटलीय, मीटर फक्त पॉट मोजतोय, आणि तुटलेली कॉइल बऱ्याचदा पूर्ण गप्प न होता अशीच बारीक, किरटी वाजत राहते.

सगळं करून पाहिलं तरी आवडत नाही, आता पिकअप बदलू का?

उंची, टोन, अ‍ॅम्प, हात हे सगळं झालं असेल तर बदला, बिनधास्त. फक्त काय कमी आहे ते एका वाक्यात लिहून काढा: जोर कमी आहे, की मधला भाग, की वरचा भाग जास्त आहे, की गुणगुण नकोय. "चांगला आवाज हवा" एवढ्यावर घेतलेला पिकअप परत निराश करतो. सिंगलच हवा असेल तर ब्रिजसाठी म्हणून जास्त वेढ्यांचा बनवलेला घ्या, सुरुवातीच्या काळात तिन्ही जागी एकसारखेच पिकअप बसवायचे, आता बहुतेक सेटमध्ये ब्रिजचा वेगळा असतो. काढायच्या आधी जुन्या वायरिंगचा फोटो घ्या, दोन्ही बाजूंची उंची मोजून लिहून ठेवा, आणि नवीन बसवल्यावर तेच अंतर लावून पहिल्यांदा ऐका, म्हणजे फरक पिकअपचा आहे की उंचीचा ते कळेल.